वाणीदोष, गिळण्याची अडचण आणि शिक्षक

हजेरीच्या वेळी एखादे मूल ‘हजर’ ऐवजी ‘हजल’ म्हणते, एखादे ‘ह’वरच अडखळते, तर एखादे नाव पुकारले तरी स्तब्ध राहते. अशा मुलास मंद वा हट्टी ठरविणे सोपे असते. परंतु वाणीदोष म्हणजे बुद्धिदोष नव्हे. दोषाचे कारण ओळखून मुलास वेळीच उपचारापर्यंत पोहोचविणे, हे शिक्षकाचे पहिले काम होय.

प्रथम कान पाहावेत. जे नीट ऐकू येत नाही ते नीट बोलताही येत नाही. कान वाहणारे, वारंवार ‘काय?’ विचारणारे किंवा बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहणारे मूल पुढे बसवावे व त्याची श्रवणतपासणी करवावी.

बोबडेपणात एका वर्णाच्या जागी दुसरा येतो. ‘काका’चे ‘ताता’ होते. ‘र’सारखे वर्ण काही मुलांना उशिरा साधतात. तथापि चार वर्षांच्या सुमारास मुलाचे बोलणे परक्या माणसासही बहुतांशी कळावयास हवे. जिभेस वेखंड चोळण्यात वेळ दवडू नये. बोलणे नाकातून येत असल्यास टाळू दुभंगलेला नाही ना, हे वैद्यांकडून पाहून घ्यावे.

तोतऱ्या मुलास ‘सावकाश बोल’ असे बजावू नये व त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. शांतपणे ऐकून घ्यावे. समूहवाचनात व गाण्यात अशी मुले बहुधा अडखळत नाहीत. त्यांना तेथे आवर्जून संधी द्यावी.

बोलणे व गिळणे ही ओठ, जीभ, टाळू व घसा यांचीच कामे आहेत. घास गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासनलिकेचे तोंड मिटते. हा मेळ बिघडला की अन्न श्वासमार्गात शिरते. मध्यान्ह भोजनात जे मूल रोज ठसकते, ज्याचा आवाज जेवताना घोगरा, ओलसर होतो वा ज्याच्या नाकातून अन्न येते, त्याची नोंद करावी. त्यास ताठ बसवून लहान घास द्यावेत, घाई करू नये व तपासणी लांबवू नये. अर्धांगवायूनंतर प्रौढांनाही हीच अडचण येते, हे ग्रामस्थांस सांगावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याची पथके शाळांतून तपासणी करतात; अशा मुलांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी. तेथून मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. म्हैसूर येथे १९६५ साली व मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थांतून या विषयाचे शिक्षण व उपचार होतात.

वाक्‌उपचार म्हणजे तज्ज्ञाने ठरवून दिलेला नित्याचा सराव होय. तज्ज्ञाची भेट महिन्यातून एकदाच घडली, तरी शाळा रोज भरते. दररोज दहा मिनिटे तो सराव करवून घ्यावा आणि वर्गात त्या मुलाची नक्कल व थट्टा होऊ देऊ नये. हसण्याच्या भीतीने मूल एकदा गप्प झाले, तर उपचाराचे काम दुप्पट कठीण होते.