बालकांतील चिवट इसब आणि त्वचेवरील सूक्ष्मजीवसृष्टी

प्रस्तावना :

लहान मुलांच्या गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणींत उठणाऱ्या खाजऱ्या, लालसर चट्ट्यांना मराठीत 'इसब' ही जुनी संज्ञा आहे. वैद्यकशास्त्रात या विकाराच्या सर्वांत सामान्य प्रकारास 'ॲटॉपिक डर्मटायटिस' असे म्हणतात. बहुतेक मुलांमध्ये तो वाढत्या वयाबरोबर ओसरतो. काही मुलांमध्ये मात्र मलम लावले की तो जातो आणि थांबवले की परत येतो. रात्रभर खाजवणाऱ्या मुलाबरोबर सारे घर जागे राहते. अशा चिवट इसबावर त्वचेवरील 'चांगल्या' जिवाणूंचा उपाय आता पुढे येत आहे. त्यामागील विज्ञान कोणते आणि त्याची कसोटी घेतली गेली तेव्हा काय निष्पन्न झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

त्वचा, जिवाणू आणि खाज :

निरोगी त्वचेवर अनेक जातींचे जिवाणू परस्परांना आवर घालीत नांदत असतात. इसबाच्या चट्ट्यांवर हा समतोल ढळतो. सुमारे ७० टक्के रुग्णांच्या चट्ट्यांवर 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' या एकाच जिवाणूची वसाहत आढळते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हायडी काँग आणि ज्युली सेग्रे यांनी इसब असलेल्या १२ मुलांच्या त्वचेचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विकार उफाळला असता या जिवाणूचे प्रमाण वाढते व इतर जातींची विविधता घटते, आणि उपचारानंतर ती विविधता परत येते, असे त्यातून दिसून आले.

येथे मूळ प्रश्न उपस्थित होतो. जिवाणूंमुळे इसब होतो, की इसबामुळे जिवाणू फोफावतात? २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील आयर्विन मॅक्लीन व सहकाऱ्यांनी 'फिलॅग्रिन' या प्रथिनाच्या जनुकातील दोष इसबाशी निगडित असल्याचे दाखविले. हे प्रथिन कमी पडल्यास त्वचेतील ओलावा टिकत नाही, तिची आम्लता घटते आणि ऑरियसला अनुकूल भूमी तयार होते. या दृष्टीने पाहता जिवाणू नंतर आलेला पाहुणा ठरतो. परंतु तो स्वस्थ बसणारा पाहुणा नव्हे. हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २०२३ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, या जिवाणूने स्रवलेले एक विकर त्वचेतील चेतातंतूंना थेट उद्दीपित करून खाज निर्माण करते. खाज सुटली की मूल खाजवते, खाजवल्याने त्वचा आणखी फाटते आणि जिवाणूला आणखी वाट मिळते. कारण आणि परिणाम येथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

मारणे आणि पेरणे :

मग जिवाणू मारले तर? ब्रिटनमध्ये ११३ मुलांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याचे उत्तर मिळाले. सौम्य संसर्गाची लक्षणे असलेल्या इसबावर नेहमीच्या उपचारांना प्रतिजैविकांची जोड दिल्याने, तोंडावाटे वा मलमातून, उल्लेखनीय लाभ झाला नाही. नेहमीच्या उपचारांनीच सर्व गटांतील मुले झपाट्याने सुधारली. पू वाहत असेल किंवा ताप असेल, तर गोष्ट अर्थातच वेगळी.

दुसरा मार्ग पेरण्याचा. राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील इयान माइल्स यांनी निरोगी व्यक्तींच्या त्वचेवरील 'रोझिओमोनास म्युकोसा' हा जिवाणू रुग्णांच्या त्वचेवर फवारला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २० पैकी १७ मुलांमध्ये निम्म्याहून अधिक सुधारणा झाली. हे आकडे वाचून कोणाही पालकाची आशा पालवेल. तथापि या अभ्यासात तुलनेसाठी प्लासिबो गट नव्हता. त्याच जिवाणूवर आधारित औषधाची एका कंपनीने प्लासिबोशी तुलना करून चाचणी घेतली. २०२१ साली तिचा निकाल आला, तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांत आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांत निम्म्याने सुधारणा झाल्याचे दिसले. इसब मुळातच चढउतारांचा विकार आहे. तो अत्यंत वाढलेला असताना रुग्ण चाचणीत येतो आणि पुढे काही अंशी आपोआप सुधारतो. संशोधनपद्धती शिकविणाऱ्या प्राध्यापकांना तुलनागटाचे महत्त्व सांगण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. असे असूनही २०२४ साली याच जिवाणूचे एक उत्पादन अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्रीस आले.

म्हणून ही दिशाच चुकीची, असे मात्र म्हणता येणार नाही. कॅलिफोर्नियातील रिचर्ड गॅलो यांच्या गटाने शोधलेला 'स्टॅफिलोकॉकस होमिनिस'चा एक वाण ऑरियसला मारणारी द्रव्ये तयार करतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेली त्याची पहिली चाचणी ५४ प्रौढांवर झाली होती. तीत हा उपचार सुरक्षित आढळला. मुलांसाठी तो उपचार म्हणून देण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही.

आज उपलब्ध असलेला उपाय :

दाह शमवला की जिवाणूंची विविधता परत येते, हे काँग-सेग्रे यांच्या निरीक्षणातील सर्वांत उपयुक्त सूत्र आहे. प्रौढ रुग्णांमध्ये डुपिलुमॅब हे दाहरोधक इंजेक्शन दिल्यावरही हाच अनुभव आला, आणि ते काही प्रतिजैविक नव्हे. म्हणजे सूक्ष्मजीवसृष्टी सावरण्याचा आजचा सर्वांत भरवशाचा मार्ग जुनाच आहे : भरपूर स्निग्ध मलम, डॉक्टरांनी ठरवून दिलेले योग्य ताकदीचे स्टेरॉइड, आणि चट्टे मिटल्यावरही वारंवार उठणाऱ्या जागी आठवड्यातून दोनदा त्याचा लेप.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे औषधाच्या दुकानांतून सर्रास नेली जात. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवरच विकण्याच्या अनुसूचीत आणली. अशा मलमांनी चेहऱ्याची त्वचा पातळ झालेली पाहून अनेक पालक स्टेरॉइडचे नावच टाकतात, तर काही जण मटाराएवढे मलम सर्वांगाला पुरवतात. प्रौढाच्या बोटाच्या टोकावरील पेराएवढे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, स्टेरॉइड मलम दोन तळहातांएवढ्या जागेला लागते. स्निग्ध मलमाचे ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांतील प्रमाण तर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम आहे. महिन्याला एक ते दोन किलो. 'मलम लावूनही गुण आला नाही' असे पालक सांगतात तेव्हा महिन्यात किती मलम संपले, हे आधी विचारावे लागते.