ऑइल गळतंय? इंजिन खोलण्याआधी हे बघा



३१ जुलैपर्यंत बंदी आहे, बोटी धक्क्याला आहेत, मिस्त्रींच्या फेऱ्या सुरू झाल्यात. ऑफिसात एकच प्रश्न जास्त येतोय: चेंबरखाली ऑइल साचतं, काय करायचं?

मागच्या बंदीत आपल्या एका सभासदाला सांगितलं गेलं, मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स सोडवला, फ्लायव्हील काढलं, नवीन सील बसवलं. पहिल्याच फेरीत पुन्हा तेच! शेवटी कळलं की ब्रीदरची नळी चिकट्याने पार बंद झाली होती. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली चेंबरमध्ये येतच असतो. त्याला बाहेर जायला वाट नसली की दाब वाढतो आणि जिथे जागा कच्ची, तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. म्हणून आधी ब्रीदर काढून डिझेलने धुवा. तो साफ असूनही ऑइल भरायच्या तोंडातून जोराने धूर येत असेल, तर रिंगा झिजल्यात असं समजा. ते काम वेगळं आणि खर्चही वेगळा.

दुसरं, जिथे थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. ऑइल वरून खाली ओघळतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे जातं. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने पूर्ण धुवा, चिंध्यांनी कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा. मग दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करा आणि बॅटरी घेऊन वरून खाली बघत या. (पट्ट्याजवळ हात घालू नका, लुंगी-टॉवेल तर नकोच.) सर्वात वरची ओली जागा हीच खरी. बऱ्याच वेळा ती टॅपेट कव्हरचं पॅकिंग, फिल्टरचा रबर किंवा प्रेशर गेजची तांब्याची नळी निघते. ही नळी हादऱ्याने चिरते आणि फुटली तर ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर उडून आग लागू शकते. ती लगेच बदला.

टॅपेट कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळू नका, पत्रा वाकतो आणि गळती वाढते. सिलिकॉन पेस्टही बेताने लावा. आत गेलेला तुकडा पंपाच्या जाळीत अडकला तर प्रेशर जातं.

आपल्या बोटीत इंजिन मागे कललेलं असतं, त्यामुळे ऑइल मागच्या सीलकडे जमतं. काडीवरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं तर सील चांगलं असूनही गळतं. गिअरबॉक्सच्या तोंडाशी ओलं दिसलं तर बोटाला लावून बघा. काळं असेल तर इंजिनाचं, स्वच्छ असेल तर बहुतेक गिअरबॉक्सचं.

आणि बाहेर काहीच ओलं नाही, तरी ऑइल कमी होतंय? धूरही निळा नाही? मग ऑइल कूलर तपासा. आतली नळी खाऱ्या पाण्याने खाल्ली की चालू इंजिनात ऑइल पाण्याबरोबर समुद्रात जातं, पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. बंद इंजिनात उलट पाणीही आत येऊ शकतं. काडीवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर स्टार्टर अजिबात मारू नका, आधी मिस्त्रीला बोलवा.