गृहभेटीची भाषा : भिवंडीतील सामुदायिक परिचर्येचे एक अंग

‘जुलाब’ हा शब्द मराठीत रोगाचे लक्षणही दर्शवितो व ते लक्षण मुद्दाम उत्पन्न करणारे औषधही. हिंदी-उर्दूत त्याचा रूढ अर्थ मुख्यत्वे दुसरा. लक्षणास तेथे ‘दस्त’ म्हणतात. (मराठी माणसास ‘दस्त’ म्हटले की दुय्यम निबंधकाचे कार्यालय आठवते!) आता भिवंडीच्या एखाद्या खोलीत आरोग्यसेविकेने मोडक्या हिंदीत ‘बच्चे को जुलाब है क्या?’ असे विचारले आणि आईने प्रामाणिकपणे ‘नहीं दिया’ असे सांगितले, तर जलसंजीवनीची पुडी पिशवीतच राहण्याचा संभव असतो. शब्दकोशातील एक अर्थभेद येथे निदानाचा प्रश्न होतो.

यंत्रमागांच्या ह्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७ लाखांहून अधिक होती. जुनी कोकणी मुसलमान वस्ती, उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलंगणातील पद्मशाली, भोवतालच्या गावांतील आगरी व तालुक्यातील वारली-कातकरी, इतक्या बोलींतून येथील परिचारिकेस वाट काढावी लागते. मराठी स्त्रीस ‘दिवस गेलेले’ असतात, तर हिंदी बोलणारी स्त्री ‘पेट से’ असते. आपण जिला ‘लस’ म्हणतो तो तिकडे ‘टीका’, आणि मराठीतील टीका तर सर्वस्वी वेगळी. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव व भिवंडी येथे गोवराची साथ पसरली, तेव्हा ‘गोवर’, ‘खसरा’ व ‘छोटी माता’ ही एकाच दुखण्याची नावे असू शकतात, हे घरोघर फिरणाऱ्या स्त्रियांस ठाऊक असणे आवश्यक होते. त्यातही ‘माता’ म्हणणारे कुटुंब त्या पुरळाकडे रोग म्हणूनच पाहत असेल, असे गृहीत धरता येत नाही. पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, हे वेळापत्रक सांगणे सोपे. पहिल्या मात्रेनंतर मुलास ताप आला म्हणून दुसरी नाकारणाऱ्या आजीस समजावणे अवघड. हे समजावणे सौजन्याचा भाग नसून परिचर्येचाच भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे काम प्रत्यक्षात कोण करते? शासकीय परिभाषेत अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, आरोग्यसेविका अशी उतरंड आहे. ह्या पदांना वेतनश्रेणी आहे. पण त्यांवरील व्यक्ती नेमणुकीने येते व बदलीने जाते, वस्तीची बोली तिला यावी अशी अट नाही. ह्या उतरंडीच्याही खाली, किंबहुना बाहेर, ‘आशा’ आहे. २००५ साली ग्रामीण भागासाठी व २०१३ नंतर शहरी वस्त्यांसाठी ही योजना आली. आशा त्याच वस्तीत राहणारी असावी, हा निवडीचा निकष. म्हणजे बोली जिला येते तिला पद नाही, आणि पद जिला आहे तिला बोली येईलच असे नाही.

तिला ‘स्वयंसेविका’ म्हटले गेल्यामुळे तिला मिळते ते ‘मानधन’ व कामागणिक ‘मोबदला’. ‘वेतन’ हा शब्द टाळलेला आहे. नाव बदलले की हक्क बदलतो, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या प्रशासकीय मराठीत क्वचितच सापडेल. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ केली. शब्द मात्र तोच राहिला.

मोबदल्याची रीतही पाहण्याजोगी आहे. रुग्णालयात प्रसूती झालेल्या स्त्रीच्या घरी आशेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे, बाळाचे वजन व तापमान नोंदवावयाचे. ह्या सहा भेटींसाठी मिळून २५० रुपये ठरविण्यात आले. वजनास रकाना आहे, तापमानास आहे. आजीशी अर्धा तास कोणत्या भाषेत बोलावे लागले, ह्यास रकाना नाही.