रिपोर्ट नॉर्मल, तरी आजार खरा

भेडाघाटला धुआँधार धबधब्याकडे जाताना संगमरवराच्या मूर्ती विकणारी दुकानं लागतात. समजा, अशाच एका मूर्तिकाराच्या घरातला विशीतला मुलगा छिन्नी बाजूला टाकून बसलाय. रात्रभर झोप नाही, जेवणावर वासना नाही. ‘सगळे माझ्याबद्दलच कुजबुजतात’ एवढंच तो म्हणतो. नवससायास होतात, मग वीसेक किलोमीटरवरचं जबलपूर गाठलं जातं. उसनवारी करून एमआरआय काढला जातो. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, ‘बघा, काही झालेलंच नाही. नाटकं आहेत सगळी.’

जबलपूरच काय, नागपूर-पुण्याच्या सुशिक्षित घरांतही हेच वाक्य ऐकू येतं. ते चुकीचं आहे आणि रुग्णाची उमेदीची वर्षं वाया घालवणारं आहे.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो: गाठ, रक्तस्राव, सूज, झीज. स्किझोफ्रेनिया, नैराश्य किंवा बायपोलर आजार आहे की नाही, हे ठरवणारा स्कॅन आज जगात कुठेही नाही. या आजारांचा मेंदूशी संबंध मात्र नक्की आहे. १९७६ मध्ये ईव्ह जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नैराश्याचे १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसं यांची तुलना झाली. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांमध्ये सरासरी १.२४ टक्के लहान निघाला. एवढासा फरक हजारोंच्या सरासरीत दिसतो. समोर बसलेल्या एका रुग्णाच्या फिल्मवर तो ओळखता येत नाही. कित्येक निरोगी माणसांचा हिप्पोकॅम्पस रुग्णांपेक्षा लहान असतो.

मग मनोविकारतज्ज्ञ स्कॅन सांगतात कशासाठी? दुसरा आजार मनोविकाराच्या रूपात आलेला नाही ना, हे पाहण्यासाठी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच भ्रम होऊ लागले, फिट आली, डोक्याला मार बसला होता, तापासोबत वागणं एकाएकी बदललं, एका बाजूची शक्ती गेली, तर स्कॅन टाळू नये. आपल्याकडचं ठळक उदाहरण न्यूरोसिस्टिसर्कोसिसचं. फीतकृमीची अंडी दूषित अन्नातून पोटात जातात, अळ्या मेंदूत पोचतात. फिल्मवर छोटी गोल पोकळी आणि तिच्या आत एक ठिपका दिसतो; तो ठिपका म्हणजे कृमीचं डोकं. अशा रुग्णाला बहुधा फिट येतात, क्वचित भासही होतात. त्याच्या उपचारांची दिशाच वेगळी असते.

उपचारांतही इमेजिंगचा शिरकाव झाला आहे. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) देतात. कपाळाच्या डाव्या बाजूला वर कॉइल टेकवून चुंबकीय स्पंदनं सोडली जातात. अमेरिकेत या उपचाराला २००८ मध्ये मान्यता मिळाली. कॉइल नेमकी कुठे धरायची, हे रुग्णाच्या स्वतःच्या एमआरआयवरून ठरवणारी पद्धत २०२२ मध्ये तिथे मान्य झाली.

निदान मात्र आजही बोलण्यातूनच होतं. त्रास कधी सुरू झाला, झोप किती, गांजा-दारू आहे का, घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का, याची खरी उत्तरं डॉक्टरांना फिल्मइतकीच, बहुतेकदा फिल्मपेक्षा जास्त उपयोगी पडतात. ती लाजेखातर लपवू नका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. जवळ डॉक्टर नसेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येतं.

स्कॅन स्वच्छ आला, तर मेंदूत गाठ नाही याचं समाधान माना आणि त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: ‘आता उपचार कधी सुरू करायचे?’