पाण्याखालील गुहेसाठी वेगळे प्रशिक्षण का लागते?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्लीच्या किनाऱ्यावर दरवर्षी हजारो पर्यटक प्रशिक्षकाच्या सोबतीने स्कूबा डायव्हिंगचा अनुभव घेतात. त्यांतील काही जण पुढे रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्रही मिळवतात. मात्र हे प्रमाणपत्र खुल्या पाण्यापुरतेच असते. डोक्यावर खडकाचे किंवा लोखंडाचे छत असलेल्या जागेत शिरण्यास ते पुरेसे नसते. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेले ‘आयएनएस गुलदार’ हे जहाज निवती रॉकजवळ समुद्रतळाशी नेऊन तेथे पाण्याखालील संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प राज्य पर्यटन विकास महामंडळाने हाती घेतल्यामुळे हा भेद कोकणातही महत्त्वाचा ठरणार आहे. बुडालेल्या जहाजाच्या आत शिरणे आणि गुहेत शिरणे, या दोन्हींतील मूळ धोका एकच आहे.

खुल्या समुद्रात हवा संपली किंवा उपकरण बिघडले, तर पाणबुड्या नियंत्रित वेगाने सरळ पृष्ठभागावर येऊ शकतो. छताखाली हा मार्ग बंद असतो. कितीही घाबरगुंडी उडाली, तरी आधी आलेल्या वाटेने आडवे परत जावे लागते आणि मगच वर येता येते. प्रशिक्षणाचा बहुतेक भाग या एका गोष्टीभोवती बांधलेला आहे.

त्याची पहिली पायरी ‘कॅव्हर्न’ अभ्यासक्रमाची. कॅव्हर्न म्हणजे गुहेच्या तोंडाजवळचा, दिवसाचा उजेड सतत दिसत राहील एवढाच भाग. ‘पाडी’ या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेच्या नियमानुसार खोली आणि आडवे अंतर मिळून पृष्ठभागापासून ४० मीटरची मर्यादा पाळावी लागते. वय किमान १८ वर्षे आणि खुल्या पाण्यातील प्रगत प्रमाणपत्र आवश्यक असते. उजेड दिसेनासा झाला की ‘केव्ह’ सुरू होते आणि तेथील अभ्यासक्रम निराळा, बराच कठोर असतो.

सर्वांत आधी शिकवले जाते ते हवेचे गणित. (टाकीला सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ म्हटले जात असले, तरी तिच्यात सहसा दाबाखाली भरलेली साधी हवाच असते.) टाकीत २०० बार दाब असेल, तर साधारण ६५ बार आत जाण्यासाठी वापरायचे, म्हणजे १३५ बार उरताच परत फिरायचे. एक तृतीयांश परतीसाठी आणि उरलेला एक तृतीयांश राखीव. हा राखीव भाग जोडीदारासाठी असतो. सर्वांत दूरच्या टोकाला त्याची हवा पूर्णपणे गेली, तर एकाच्या उरलेल्या दोन तृतीयांशात दोघांना बाहेर पडता येते. पण तेही जेमतेम. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, आणि १० मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या दुप्पट, तर ३० मीटरवर चौपट हवा लागते. त्यामुळे अनेक प्रशिक्षक याहूनही लवकर परतायला लावतात.

दुसरा शत्रू गाळ. पाय नेहमीसारखे वरखाली मारले, तर तळाचा गाळ उसळतो आणि स्वच्छ पाणी काही क्षणांत चहासारखे गढूळ होते. म्हणून शरीर आडवे, तरंगते ठेवून बेडकासारखे पाय मारण्याचा सराव करून घेतला जातो. दिसेनासे झाले, तर भरवसा केवळ दोरीचा. ती प्रवेशद्वाराबाहेरील खुल्या पाण्यापासून सलग बांधत न्यावी लागते आणि तिच्यावर बाहेरची दिशा दाखवणारे, बोटांनी चाचपून ओळखता येतील असे बाण लावले जातात. प्रशिक्षणार्थींना आधी जमिनीवरच झाडाखांबांना दोरी बांधून डोळे झाकून चालवतात. पाहणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो.

हे नियम अपघातांतून घडले. अमेरिकेतील गुहा-पाणबुडे शेक एक्स्ली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मृत्यूंची कारणे तपासली, तेव्हा सलग दोरी नसणे, परतीपुरती हवा न राखणे आणि अतिखोली ही तीन कारणे पुन्हा पुन्हा समोर आली. एक्स्ली स्वतः १९९४ मध्ये मेक्सिकोत अतिखोल बुडी मारताना मरण पावले.

थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी १२ मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, तेव्हा या कौशल्याचे वेगळेपण जगापुढे आले. पाणी उपसण्याबाबत सल्ला देण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही तेथे गेले होते. थायलंडच्या नौदलाचे कमांडो शूर होते, पण गुहेतील बुडी हे त्यांचे क्षेत्र नव्हते. हवेच्या टाक्या आत पोहोचवून परतताना ६ जुलै रोजी माजी कमांडो समन कुनान यांचा मृत्यू झाला. मुलांपर्यंत २ जुलै रोजी प्रथम पोहोचलेले रिक स्टँटन आणि जॉन व्हॉलॅन्थन हे ब्रिटिश पाणबुडे व्यवसायाने अनुक्रमे निवृत्त अग्निशमन जवान आणि संगणक सल्लागार. गुहेतील बुडी हा त्यांचा अनेक वर्षांचा छंद. मुलांना एवढ्या अवधीत हे शिकवणे अशक्य होते. त्यामुळे त्यांना गुंगीचे औषध देऊन ८ ते १० जुलैदरम्यान बाहेर काढण्यात आले.

या प्रशिक्षणातील आणखी एक नियम उपकरणांशी संबंधित नाही. गटातील कोणीही, कितीही नवखा असला तरी, अंगठा वर करू शकतो. या खुणेचा अर्थ पाण्याखाली ‘छान’ असा नसून ‘बुडी संपली, बाहेर चला’ असा असतो. ती दिसताच सर्वांनी वळायचे आणि कारण विचारायचे नाही.