मोटारीच्या इंधनटाकीची गळती : धोका आणि दक्षता

तालुक्याच्या कचेरीची गाडी असो, शाळेच्या कामासाठी भाड्याने आणलेली जीप असो, वा गावातील एखाद्या गृहस्थाची खासगी मोटार असो. तिच्या पोटाखाली चाळीस-पन्नास लिटर इंधन सांभाळणारी एक टाकी असते याचे भान प्रवाशांना क्वचितच असते. टाकी शाबूत आहे तोपर्यंत ते नसले तरी बिघडत नाही. परंतु ती गळू लागली की प्रश्न एकट्या वाहनधारकाचा राहत नाही. गाडी ज्या वाड्यात, ज्या आवारात, ज्या बाजारपेठेत उभी असेल तेथील सर्वांचा तो होतो. अशा वेळी लोक बहुधा जवळच्या शिक्षकाला, ग्रामपंचायतीच्या सदस्याला किंवा कचेरीतील कर्मचाऱ्याला हाक मारतात. पहिल्या पाच-दहा मिनिटांत त्यांनी काय केले आणि विशेषतः काय करू दिले नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

जळते ती वाफ

पेट्रोल पेट घेते असे आपण म्हणतो. वस्तुतः पेट घेते ती त्याची वाफ. शून्याखाली सुमारे 43 अंश सेल्सिअस इतक्या थंडीतही पेट्रोलमधून पेट घेण्याजोगी वाफ निघत असते. महाराष्ट्रातील कडाक्याच्या थंडीतही पेट्रोल त्या दृष्टीने ‘तापलेले’च असते, मग विदर्भातील वैशाखाची गोष्ट बोलावयासच नको. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि सखल जागी, तळघरात, गटारात, गॅरेजमधील खड्ड्यात जाऊन साचते. त्यामुळे गळणारी गाडी एका बाजूस आणि पेटलेली चूल पंधरा-वीस पावलांवर दुसऱ्या बाजूस असली, तरी उताराच्या दिशेने वाफ चुलीपर्यंत पोहोचते आणि ज्योत त्याच वाटेने गाडीकडे परतते.

हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण शेकडा सुमारे 1.4 ते 7.6 या मर्यादांमध्ये असेल तरच ते मिश्रण पेटते. त्याहून कमी असल्यास इंधन अपुरे पडते, अधिक असल्यास हवा अपुरी पडते. वरवर पाहता हा पट्टा अरुंद वाटतो, पण थोडे गणित केल्यास त्याचा अर्थ ध्यानात येईल. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर तिने सुमारे 200 लिटर जागा व्यापली जाते. आणि ती हवेत नीट मिसळली तर सुमारे 14 घनमीटर हवा स्फोटक बनू शकते. एका लहान खोलीचा हा मोठा भाग झाला. सेकंदाला एक थेंब अशी गळती कोणाला फारशी गंभीर वाटत नाही; परंतु त्या वेगाने एका रात्रीत लिटरभर पेट्रोल सहज सांडते. बंद गॅरेजमध्ये संध्याकाळी लावलेल्या गाडीपाशी सकाळी जाऊन कोणी दिव्याचे बटण दाबले, तर त्या बटणातील बारीकशी ठिणगी पुरेशी होते.

डिझेलचे तसे नाही. नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही आणि त्यामुळे आगीचा धोका पुष्कळच कमी असतो. तापलेल्या धुराड्यावर मात्र तेही पेटू शकते. रस्त्यावर सांडलेले डिझेल लवकर उडून जात नाही, हा त्याचा खरा उपद्रव होय. घाटाच्या वळणावर पडलेला डिझेलचा ओघळ दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततो, म्हणून त्यावर तत्काळ वाळू किंवा कोरडी माती टाकणे अगत्याचे आहे.

गळती कोठून होते

गाडीखालचा प्रत्येक ओलावा म्हणजे गळती नव्हे. वातानुकूलन यंत्र चालू असलेल्या गाडीखाली पाणी ठिबकतच असते. कोऱ्या कागदावर थेंब टिपून घेऊन तो उघड्यावर ठेवला असता पेट्रोल काही क्षणांत उडून जाते, पाणी रेंगाळते. शिवाय पेट्रोलचा वास लपत नाही. काडी ओढून खात्री करून घेण्याचा मोह काही उत्साही मंडळींना होतो, हे दुर्दैवाने सांगावे लागते.

टाकी काठोकाठ भरल्यानेही पेट्रोल बाहेर येते. पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीतील इंधन थंड असते. असे 40 लिटर पेट्रोल उन्हात 20 अंशांनी तापले तर ते सुमारे पाऊण लिटरने फुगते. त्याला जागा मिळाली नाही तर ते वाट शोधणारच. यास्तव नळी आपोआप बंद पडल्यावर आणखी थोडे भरण्याचा आग्रह धरू नये.

खरी गळती निराळी. जुन्या गाड्यांच्या टाक्या पोलादी पत्र्याच्या असतात. हवेतील दमटपणाने आत जमलेले पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि तळाचा पत्रा आतून कुजवते. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण अलीकडे वाढत गेले असून 20 टक्के मिश्रणाच्या विक्रीस 2023 मध्ये प्रारंभ झाला. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या धर्तीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. म्हणून वापरात कमी असलेल्या जुन्या गाडीच्या नळ्या व सांधे वेळोवेळी तपासून घेणे इष्ट. अलीकडच्या बहुतेक मोटारींच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या गंजत नाहीत, पण रस्त्यावरील दगड वा दुभाजकाची कड लागून फुटू शकतात. आणखी एक फरक असा की, नव्या गाड्यांत पंप टाकीतच असून तो इंधन सुमारे 3 ते 4 बार दाबाने इंजिनाकडे ढकलतो. नळी फुटली असेल तर इंजिन चालू असेपर्यंत थेंब नव्हे, फवाराच उडतो. चावी फिरवून इंजिन बंद करणे हा म्हणूनच पहिला उपाय ठरतो.

प्रथम काय करावे

चालत्या गाडीत पेट्रोलचा उग्र वास आल्यास वस्ती, चहाची टपरी, भट्टी, विजेचे जनित्र यांपासून दूर, मोकळ्या हवेत गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि सर्वांना उतरवून वाऱ्याच्या वरच्या बाजूस न्यावे. एकदा बंद केलेले इंजिन ‘जरा पुढे घेऊ’ म्हणून पुन्हा सुरू करू नये. गाडी हलवणे अगदी आवश्यक असेल तर ढकलावी. बॅटरीची तार काढण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. वाफ पसरलेली असताना तार काढल्याने नेमकी ठिणगी पडते, त्यामुळे तो सल्ला त्या वेळी मानू नये. बिडी-सिगारेट विझवावी, म्हणजे दूर नेऊन विझवावी. आगीचे चिन्ह दिसल्यास किंवा गळती मोठी असल्यास 101 किंवा 112 या क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे. फोनसुद्धा गाडीपासून दूर जाऊन करावा.

खाली पसरणाऱ्या पेट्रोलवर वाळू किंवा कोरडी माती टाकावी आणि मातीचाच बांध घालून ओघळ अडवावा. पाणी मारून ते वाहवून टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते, ती घातक आहे. पेट्रोल पाण्यावर तरंगते. पाण्याबरोबर ते गटारात शिरते आणि धोका डोळ्यांआड होतो, एवढेच. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात एका पोलादी इंधनवाहिनीला लागून जस्तलेपित जलवाहिनी टाकण्यात आली होती. दोन धातूंच्या सान्निध्याने इंधनवाहिनी गंजून तिला भोक पडले आणि पेट्रोल भूमिगत गटारांत उतरले. नागरिकांनी वासाबद्दल तक्रारी केल्या होत्या. 22 एप्रिल 1992 रोजी गटारांत एकामागून एक स्फोट होऊन कित्येक किलोमीटर रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. मोटारीच्या टाकीतील पेट्रोल त्या मानाने नगण्य खरे. परंतु गावातील बंदिस्त गटारही त्या मानाने लहानच असते. विहीर जवळ असेल तर आणखी एक काळजी आहे. अगदी अल्प पेट्रोलनेही पाण्याला वास लागतो, आणि मुरलेले पेट्रोल जमिनीतून काढणे फार कठीण असते. भिजलेली माती उचलून लोखंडी डब्यात, वस्तीबाहेर उघड्या जागी ठेवावी.

लहान आग भडकलीच तर कोरड्या रासायनिक भुकटीचे किंवा फेसाचे अग्निशामक वापरावे. आग टाकीपर्यंत पोहोचल्याचे दिसताच मात्र गाडी वाचवण्याचा विचार सोडून माणसे मागे घ्यावीत.

गर्दी आवरणे हे पंचायत सदस्यांचे खास काम. सांडणारे इंधन वाया जाऊ नये म्हणून डबे-बाटल्या घेऊन लोक धावतात, हा अनुभव नवा नाही. पाकिस्तानातील अहमदपूर शर्किया येथे 25 जून 2017 रोजी उलटलेल्या टँकरभोवती पेट्रोल गोळा करण्यासाठी जमाव लोटला असता भडका उडाला आणि दोनशेहून अधिक बळी गेले. फुकटच्या दोन लिटरांसाठी कोणीही मुलाला डबा देऊन पाठवू नये, हे शिक्षकांच्या तोंडून गेल्यास अधिक परिणाम होईल.

तात्पुरता बंदोबस्त

बारीक छिद्रावर धुण्याच्या साबणाची वडी घासण्याचा जुन्या चालकांचा उपाय अगदीच निराधार नाही. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे छिद्र काही काळ बुजते. दोन भाग मळून केलेले इपॉक्सीचे लुकण त्याहून टिकाऊ. परंतु टाकी रिकामी करण्याची सोय होईपर्यंत थेंब थांबवणे इतकाच त्यांचा उपयोग. साबणाच्या भरवशावर घाट उतरणे शहाणपणाचे नव्हे.

पेट्रोल काढताना तोंडाने नळी ओढण्याची पद्धत अजून गेलेली नाही. घोट पोटात गेला तर त्रास होतोच, पण फुप्फुसात गेलेले थोडेसे पेट्रोलही न्यूमोनियासारखा गंभीर विकार उत्पन्न करते. म्हणूनच पेट्रोल गिळलेल्या व्यक्तीला मुद्दाम ओकारी करवू नये. वर येताना ते फुप्फुसात उतरण्याचा संभव असतो. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यात उडाल्यास स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. अंगावरचे कपडे भिजले असतील तर ते पाण्याने ओले करून मगच उतरवावेत.

हातपंपाने इंधन धातूच्या झाकणबंद डब्यात काढावे. प्लॅस्टिकच्या बादलीत ओतताना स्थिर विद्युत साठून ठिणगी पडू शकते. हे काम मोकळ्या जागी करावे, गॅरेजच्या खड्ड्यावर नव्हे. काढलेल्या पेट्रोलबाबत कायदाही आहे. 1934 च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच बाळगता येते, आणि तेही घट्ट बुचाच्या पात्रात. काचेचे वा चिनीमातीचे पात्र 1 लिटरहून आणि धातूचे पात्र 25 लिटरहून मोठे असता कामा नये. या अधिनियमाची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथेच आहे.

रिकामी टाकी अधिक भयंकर

सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. टाकी रिकामी केली म्हणजे धोका टळला असे समजून ती वेल्डिंगच्या दुकानात नेली जाते. भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वर वाफ इतकी दाट असते की तिला पेटण्यास हवा पुरत नाही. टाकी उपसली की आत हवा शिरते आणि उरलेली वाफ नेमक्या स्फोटक प्रमाणात येते. पन्नास लिटरच्या टाकीत त्यासाठी किती पेट्रोल लागावे? चहाच्या चमच्याएवढे. एवढे पेट्रोल पत्र्याच्या दुमडीत, सांध्यात, गंजाच्या पापुद्र्याखाली सहज दडून राहते. नाकाला वासही येत नाही. मात्र वेल्डिंगच्या ज्योतीने वा डाख देण्याच्या तापलेल्या खैऱ्याने पत्रा तापला की ते बाहेर पडते. मग टाकी बॉम्बसारखी फुटते आणि तिच्यावर वाकलेला कारागीर, बहुधा विशीतला मुलगा, वाचत नाही.

टाकी एक-दोनदा पाण्याने खळबळून ही जोखीम जात नाही. टाकी गाडीवरून उतरवून, सर्व नळ्या व सुटे भाग काढून, गरम पाणी व धुण्याच्या सोड्याने पुनःपुन्हा धुवावी लागते. वाफेने दीर्घकाळ शेकावी लागते. आणि ज्वालेचे काम चालू असताना ती नायट्रोजन वा कार्बन डायॉक्साइडसारख्या निष्क्रिय वायूने भरलेली ठेवावी लागते. आतील वायू उपकरणाने तपासल्याविना काम सुरू करता येत नाही. एवढी व्यवस्था असलेली दुकाने तालुक्याच्या गावी अपवादानेच आढळतील. तेव्हा पत्र्याची टाकी गळली तर ती बदलावी, हाच सल्ला योग्य. प्लॅस्टिकच्या टाकीबाबत तर दुसरा विचारच नको. नव्या टाकीचा खर्च वेल्डिंगच्या मजुरीच्या अनेक पट असतो ही तक्रार खरी आहे. कचेरीच्या गाड्यांच्या बाबतीत खर्चाला मंजुरी मिळण्यास वेळ लागतो, हेही खरे. त्या अवधीत गाडी उभी ठेवण्याचा आदेश लेखी द्यावा, म्हणजे चालकावर ‘कसेही करून चालव’ असा दबाव येणार नाही.

बदललेली जुनी टाकी भंगारात जाते, आणि तिचा प्रवास तेथे संपत नाही. भंगारवाला तिला गॅसने कापतो. म्हणून ती धुऊन, भोके मोकळी ठेवून आणि ‘ही पेट्रोलची टाकी आहे, ज्योत लावू नये’ असे वर रंगाने ठळक लिहून द्यावी.