घावन, चून आणि आपले घर

पुरणपोळीचे कौतुक मराठीत विपुल झाले आहे. त्या मानाने घावनाच्या वाट्याला फार थोडे शब्द आले. वास्तविक कोकण, गोवा आणि घाटावरचा आमचा जोयडा तालुका या पट्ट्यात तांदूळ हेच मुख्य अन्न. साहजिकच येथील गोडधोडही तांदूळ, नारळ आणि गूळ या त्रयीवरच उभे राहिले. कोकणात गौरीच्या सणाला घावन-घाटले होते, श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या होतात. आणि एरवी, पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी, चून भरलेले गोड घावन होते. त्यास ना मुहूर्त लागतो, ना पाहुण्यांचे निमित्त.

कृती सोपी आहे. पण प्रत्येक पायरीमागे कारण आहे. २ वाट्या तांदूळ धुऊन पाच-सहा तास भिजवावेत आणि गंधासारखे बारीक वाटावेत. चिमूटभर मीठ घालून पीठ ताकाइतके पातळ करावे. तांदळाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून गुंडाळताना घावन तुटण्याची भीती असते. नवशिक्यांनी दोन चमचे कणीक मिसळावी. पीठ तळाशी बसते, यास्तव दर खेपेस पळीने ढवळून मगच घ्यावे. हे विसरले की पहिली घावने विरविरीत आणि शेवटची जाड होतात.

चुनासाठी २ वाट्या खोवलेले ओले खोबरे आणि १ वाटी चिरलेला गूळ मंद आंचेवर ठेवावा. खोवताना करवंटीलगतचा तपकिरी भाग येऊ देऊ नये. मिश्रण कडेने सुटू लागले की वेलदोड्याची पूड घालून खाली उतरावे. चून ओले राहिल्यास घावन भिजून फाटते. अधिक आटल्यास गूळ कडक होऊन खोबरे दाताखाली चरचरते.

बिडाचा तवा चांगला तापवावा. वांग्याचे देठ तेलात बुडवून तो पुसून घ्यावा. पीठ कडेकडून मध्याकडे ओतीत यावे, झाकण ठेवावे, आणि कडा सुटताच घावन न उलटता काढावे. गरम असतानाच मध्ये चून पसरून त्याची गुंडाळी करावी. गार घावन वाकविले की चिरते.

ही कल्पना केवळ आपलीच आहे, असे नव्हे. बंगालात पौष संक्रांतीला पातळ धिरड्यात नारळ-गूळ किंवा खवा भरून पाटीसापटा करतात. गोव्यात मैद्याच्या पोळीत हेच चून भरले की त्यास आळेबेळे म्हणतात. फ्रान्समध्ये तर २ फेब्रुवारीचा सणच अशा पातळ पोळ्यांनी साजरा होतो. जे धान्य घरचे, त्याची पातळ पोळी. आणि जे गोड हाताशी, ते तिच्या पोटात!

आता थोडे भाषेविषयी. आमचा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. काळी नदीवरील धरणाने जुने सुपे गाव पाण्याखाली घेतले. सरहद्दी बदलल्या, गावे हलली; पण चून, घावन, पातोळी हे शब्द चुलीपाशी टिकून राहिले. शाळेत मुले कन्नड व इंग्रजी शिकतात, आणि ती त्यांनी उत्तम शिकावीत. परंतु 'खोवणे', 'आटणे', 'कडा सुटणे' या क्रियापदांचा अर्थ फळ्यावर लिहून पुरतेपणी कळत नाही. ती क्रिया डोळ्यांसमोर घडावी लागते. पदार्थ घरातून गेला की त्याच्यामागून पाच-दहा शब्द मुकाट्याने निघून जातात. परप्रांती राहणाऱ्या मराठी घरांना ही गोष्ट अधिकच लागू आहे.

मात्र परंपरेच्या नावाखाली एक अन्यायही चालत आला आहे, तो सांगितलाच पाहिजे. घावन तव्यावरून थेट पानात पडावे, तरच त्याची खुमारी. म्हणजे सारे घर गरम गरम खाते आणि तव्यापाशी उभी असलेली माउली शेवटी, उरलेल्या पिठाची दोन घावने, तीही बहुधा चुनावाचून, खाऊन उठते. घरासाठी केलेले पक्वान्न घरातल्या एकीलाच गार मिळावे, हे कोणत्या रीतीत बसते?

उपाय साधा आहे. चार घावने झाली की पळी दुसऱ्याने हाती घ्यावी. नारळ मुलग्याने खोवावा, चून वडिलांनी ढवळावे, गुंडाळ्या धाकट्यांनी कराव्यात. पहिली एक-दोन घावने फाटतील, फाटोत. चवीत त्याने काही उणे येत नाही. मुलांच्या हातांना काम मिळेल, तोंडी शब्द बसतील, आणि घरच्या गृहिणीलाही एखादे घावन वाफ निवण्यापूर्वी, स्वस्थ बसून खाता येईल.